आय शॅल, सरकार शॅल

आय आणि वी असेल तर शॅल, बाकी सगळ्यांना विल. इंग्रजीच्या तासाला हे न घोकलेला मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. हा झाला साधा भविष्यकाळ. हुकूम सोडायचा किंवा शब्द द्यायचा असेल तर सगळे बरोबर उलटे. ‘यू शॅल गो’ म्हणजे तू जाशील असे नव्हे. तुला जावेच लागेल, मुकाट्याने नीघ. या नियमाचा एक जुना विनोद आहे. पाण्यात गटांगळ्या खाणारा एकजण ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असे ओरडला. काठावरच्या साहेबाचे व्याकरण पक्के होते. बुडण्याचा निर्धार आणि वाचवायला मनाई, दोन्ही त्याला स्पष्ट कळले. टोपी काढून तो पुढे चालू लागला.

हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली आपल्या व्याकरणात घातला. व्याकरण इंग्रजीचे, पुस्तक मात्र लॅटिनमध्ये. याच गृहस्थाने पुढे १६५५ मध्ये अनंताचे चिन्ह जगाला दिले. आपल्याकडच्या सरकारी शॅलची वाटचाल पाहिली की हे दोन्ही शोध एकाच बैठकीत लागले असावेत असा संशय येतो.

बोलण्यातून शॅल केव्हाच हद्दपार झाला. इंग्लंडात तो ‘चहा टाकू का’ विचारण्यापुरता उरला आहे. आपल्या राज्यघटनेत मात्र तो पानोपानी ठाण मांडून बसलेला. ‘द स्टेट शॅल’ हे व्याकरणाने निर्दोष वाक्य. राज्य तृतीयपुरुषी, म्हणजे हा थेट हुकूम. वाक्यात उपयोग करा, दहापैकी दहा गुण.

पण घटनाकारांनी काही ठिकाणी शॅलच्या पाठीला ‘एन्डेव्हर’ जोडून दिले. मूळ कलम ४५ पाहा. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा राज्याने प्रयत्न करायचा होता. सक्ती शिक्षणाची, पण सरकारवर फक्त प्रयत्नाची. दहा वर्षे १९६० साली भरली. शिक्षणहक्क कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. मधली पन्नास वर्षे प्रयत्नात गेली. नुसत्या या कलमाच्या जोरावर कोर्टात जाण्याची सोयही नव्हती, कारण मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत हे कलम ३७ ने आधीच सांगून ठेवले आहे.

बरे, शेपूट नसलेला शॅल तरी पक्का? कलम ३२० म्हणते की सरकारी नोकरावर शिस्तभंगाची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यायचा. तिथेही शॅलच आहे. उत्तर प्रदेशातल्या मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की इथला शॅल बंधनकारक नाही. एक कारण असे, की सल्ला घेतला नाही तर पुढे काय, हे घटनेने सांगितलेलेच नाही. उलट बाजूने ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८८० मध्येच सांगून ठेवले होते की वेळप्रसंगी ‘मे’मध्येही कर्तव्य दडलेले असू शकते. म्हणजे शॅल ऐच्छिक आणि मे सक्तीचा! रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात हा धडा नाही.

काहींनी शब्दच बदलून पाहिला. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या घटनेत शॅलऐवजी मस्ट वापरला. अमेरिकेच्या दिवाणी प्रक्रिया नियमांतून २००७ मध्ये शॅल काढला. पण एका नियमात त्याच्या जागी ‘शूड’ घातल्यावर अर्थच पातळ होतो अशी ओरड झाली आणि २०१० मध्ये तिथे शॅल परत आणावा लागला.

आपल्याकडे मस्ट आणून काय होईल, ते महापालिकांकडे पाहून समजते. कलम २४३-यू म्हणते, मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करायची. शॅल आहे, एन्डेव्हर नाही. २००६ साली अहमदाबादच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत पाळणे बंधनकारक असल्याचेही बजावले. इतका भक्कम शॅल पुन्हा मिळणे नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मग ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारीख पे तारीख. मे २०२५ मध्ये न्यायालयाने चार महिन्यांचा अवधी दिला, तोही पुरला नाही. पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मर्यादा घालून द्यावी लागली. मुंबईसह २९ महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मुंबईत तोवर जवळजवळ चार वर्षे प्रशासक. नगरसेवक नाही, सभागृह नाही.

मालमत्ता कराची बिले मात्र या सगळ्या काळात येत होती. त्या बिलामागेही कायद्याचा शॅलच उभा आहे, पण त्याला तारीख आहे आणि तारीख चुकली तर दरमहा दोन टक्के दंड आहे. तिथे कोणत्याही करदात्याला मी एन्डेव्हर करतोय, असे म्हणून सुटता आलेले नाही. शॅलचा अचूक उपयोग सरकारला येत नाही असे कोण म्हणेल? कर्ता कोण आणि दंड कोणाला, एवढे पाहूनच तो केला जातो.

नव्या सभागृहांची मुदत पाच वर्षांची, म्हणजे २०३१ मध्ये संपणारी. तारीख आताच लिहून ठेवा.