अरबी समुद्रास खुले पत्र : बॅकबेवरील ताब्याबाबत

महोदय,

पावसाळ्यातील मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हवर लाटा उसळल्या की ‘समुद्र शहरात घुसला’ अशी ओरड होत असल्याने, चर्चगेट परिसरातील मूळ मालक कोण आणि घुसखोर कोण, याचा एकदा दप्तरी खुलासा होणे अगत्याचे झाले आहे.

मुंबईच्या किल्ल्याचे तट सर बार्टल फ्रिअर यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात (१८६२-६७) पाडले गेले, तेव्हा पश्चिमेकडील मैदान ओलांडताच महोदयांची हद्द लागत असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशाला पाय फुटून तो समुद्र बुजवणाऱ्या, म्हणजे उथळ पाण्यात दगडमातीचा भराव घालून जमीन काढणाऱ्या, कंपन्यांच्या शेअरांत गेला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून महोदयांना बुजवायला निघालेली मंडळी कोरड्या जमिनीवर बुडाली. महोदयांनी या प्रसंगी दाखवलेला संयम वाखाणण्याजोगा होता. त्या गडबडीतून किनाऱ्यालगत निघालेल्या चिंचोळ्या पट्टीवरून पुढे रेल्वे धावू लागली.

मैदानाच्या पूर्व कडेला सचिवालय, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय यांची जी रांग १८७० च्या दशकात उभी राहिली, ती गॉथिक शैलीची, म्हणजे टोकदार कमानी, निमुळते मनोरे आणि दगडी कोरीवकाम यांवर भर देणारी होती, व तिचे तोंड महोदयांकडे होते. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळालेला २८० फुटी राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याचे आराखडे करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत, त्यामुळे समोरचा देखावा न पाहताच त्यांनी त्याला साजेसा मनोरा काढला, हे त्यांचे कसब मानावे लागते. शेजारच्या उच्च न्यायालयातील एका खांबावर हाती तराजू धरलेले आणि एक डोळा बांधलेले माकड कोरलेले आहे. कोणा ठेकेदाराने रागाने ते कोरवून घेतले, असे सांगतात; परंतु दुसरा डोळा उघडा ठेवण्यामागे समोरच्या पाण्याच्या जागेवर लक्ष ठेवण्याचा हेतू असावा, असाही तर्क पुढील घडामोडी पाहता करता येतो.

कारण १९२० च्या दशकात गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी अकराशेहून अधिक एकर पाणी बुजवण्याची योजना हाती घेतली. बंदरातला गाळ उपसून बॅकबेत, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हसमोरच्या उपसागरात, ओतावा आणि तो दगडी बांधाच्या फटींतून पुन्हा महोदयांकडे वाहून जावा, असा हा खर्चिक व्यवहार बराच काळ चालला. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी त्यातील गैरकारभार चव्हाट्यावर आणला, तेव्हा त्यांच्यावरच बदनामीचा खटला झाला आणि ते त्यातून निर्दोष सुटले. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात त्याच बाजूला आणखी भराव घालून जी उंच कार्यालयांची वसाहत झाली, तिला ‘नरिमन पॉइंट’ असे नाव देण्यात आले. भरावावर कोरडे ओढणाऱ्याचा गौरव भरावानेच करावा, इतके औदार्य महोदयांच्या बाजूने अद्याप दिसलेले नाही.

लॉइड यांच्या अर्धवट योजनेतून मैदानाच्या पश्चिमेस जी जमीन हाती लागली, तिच्यावर १९३० च्या दशकात आर्ट डेको शैलीच्या इमारती आल्या. पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनातून जगभर पोचलेली, सिमेंट-काँक्रीटच्या गोलाकार कडा, खिडक्यांवरून भुवईसारखे फिरलेले छज्जे आणि भौमितिक नक्षी ही लक्षणे असलेली ही शैली १९३८ च्या इरॉस चित्रपटगृहात ऐटीत दिसते. तथापि महोदयांनी विशेष पाहावे ते निवासी इमारतींचे तपशील. बाल्कन्यांच्या आणि फाटकांच्या लोखंडी जाळ्यांत लाटा वळवलेल्या आहेत, जिन्यांच्या भिंतींना आगबोटीसारख्या गोल खिडक्या आहेत, काही गच्च्या तर थेट जहाजाच्या डेकसारख्या आहेत. पाणी हटवून त्याची चित्रे दारावर लावण्याचा हा उपक्रम कृतज्ञतेपोटी होता की भाडे वाढवण्यासाठी, हे ठरवणे कठीण आहे. न्यायालयासमोरून महोदयांचे दर्शन नाहीसे करणाऱ्या या रांगेतील एका इमारतीचे नाव मात्र प्रामाणिकपणे ‘कोर्ट व्ह्यू’ असे आहे.

मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या या रांगांचा युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश केला आणि देखावा अडवणारी आणि देखावा गमावलेली या दोन पिढ्या एकाच यादीत सुखाने नांदू लागल्या. २०२४ मध्ये मरीन ड्राइव्ह ते वरळी हा सागरी किनारा मार्ग खुला झाला, त्यासाठी महोदयांकडून आणखी शंभराहून अधिक हेक्टर जागा घेण्यात आली, आणि या वेळीही संमतीचा कागद दप्तरात आढळत नाही.

महोदयांच्या बाजूची एक नोंद मात्र नियमित आहे. दर पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या आणि चपला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून रस्त्यावर परत केल्या जातात, व महानगरपालिकेचे कर्मचारी त्या भरून नेतात. तो सर्व माल नागरिकांचाच असल्याचे मान्य असून हे पत्र त्याची पोच समजावी. जमिनीच्या बाबतीत अशी परतफेड करण्याची तरतूद सध्या नाही.

कळावे,
चर्चगेट परिसरातील समस्त भरावनिवासी