भिंतीला शाई

देहूरोड कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या निवडणुकीत मतदार कोण, हा घोळ कायमचा मिटला, त्याबद्दल अभिनंदन. कायद्याप्रमाणे मतदार भारतीय हवा, अठरा वर्षांचा हवा, सहा महिने हद्दीत राहिलेला हवा. शिवाय घर अधिकृत हवं. मावळचा खासदार निवडायला नुसता माणूस चालतो. तुंबलेल्या गटाराचा सदस्य निवडायचा तर मंजूर नकाशा लागतो. रास्तच आहे. आमची नम्र सूचना एवढीच, की शाई बोटाला न लावता थेट भिंतीला लावावी आणि पत्र्याच्या खोल्यांनी उगाच रांगेत घुसू नये. नंतर ३० एप्रिल २०२३ ही मतदानाची तारीखही जाहीर झाली. पण त्याआधीच, मार्चमध्ये निवडणूकच रद्द झाली. अधिकृत घरवालेही अनधिकृतांच्या पंगतीला येऊन बसले.