घुमणारा

‘घुमणारा’ हे ‘घुमणे’ या क्रियापदापासून बनलेले धातुसाधित विशेषण असून, मूळ ध्वनी थांबला तरी ज्याचा नाद मागे रेंगाळतो आणि ज्यातला खर्ज गरजेपेक्षा फुगलेला असतो, अशा आवाजाला ते लावले जाते. अंगात आलेला माणूसही घुमतो. मनातले ओठांवर न आणणारा मात्र ‘घुम्या’ ठरतो. ‘खणखणीत’ आवाजात अक्षर अन् अक्षर सुटे पडते, ‘भसाडा’ आवाज कान ओरबाडतो, तर ‘घुमणारा’ आवाज ऐकू भरपूर येतो आणि कळत काहीच नाही.

हे विशेषण मूर्तिमंत भेटते ते मंगल कार्यालयातील साउंडवाल्यात. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असलेले सभागृह ध्वनी फारसा शोषत नाही, उलट परतवते. त्यामुळे निनादकाल, म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ, लांबतो आणि एका अक्षराच्या शेपटीवर दुसऱ्याचा पाय पडतो. व्यंजनांची ओळख बरीचशी वरच्या कंप्रतांवर अवलंबून असते, आणि साउंडवाल्याची श्रद्धा मात्र बासवर असते. परिणामी भटजींच्या ‘सावधान’मधले फक्त ‘आआन’ मांडवभर फिरते आणि वऱ्हाडी अंदाजाने अक्षता टाकतात. मुलीकडचे एखादे काका “अहो, आवाज फार घुमतोय” अशी तक्रार घेऊन येतात, ती तो प्रशस्तिपत्रासारखी स्वीकारतो. कारण ‘घुमणे’ हा श्रोत्यांच्या शब्दकोशात दोष असला, तरी त्याच्या कोशात तो भाड्याचा मोबदला असतो.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५पासून अशाच एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि निनाद किती घटतो ते मोजले. साउंडवाल्याने गाद्यांचे हे काम वऱ्हाडावर सोपवलेले असते, कारण माणसे आणि त्यांचे कपडेही ध्वनी शोषतात. परंतु पंगतीची हाक येताच हे शोषकद्रव्य जेवणाच्या दालनाकडे धावते आणि आभाराचे भाषण रिकाम्या खुर्च्यांवर पुन्हा दुमदुमू लागते.

या सर्व गदारोळात तो स्वतः सकाळच्या “हॅलो, चेक”पलीकडे अवाक्षर काढत नाही. तक्रारीला मान डोलावतो, एक बटण किंचित फिरवतो आणि ते कोणत्या दिशेला फिरवले, हेही सांगत नाही. घुमणाऱ्या आवाजाचा धनी असा पक्का घुम्या निघतो.