भाऊसाहेबांना रिकामं चालत नाही

भाऊसाहेब रिकामी जागा पाहू शकत नाहीत. निफाडच्या एसटीत बाजूची सीट रिकामी दिसली की आधी तिथे पिशवी ठेवतात, मग छत्री, आणि पिंपळस येईपर्यंत कुणीतरी ओळखीचा हुडकून आणून बसवतात. उभी हयात सरकारी कचेरीत ‘निरंक’ लिहून निवृत्त झालेला हा माणूस आता नाशकात एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीवर एक्सेल सांभाळतो. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड. रोजची आवक, किमान भाव, कमाल भाव, सरासरी. ती फाइल माझ्याकडे येते आणि मी ती पायथनमध्ये चढवते. म्हणजे चढवायचा प्रयत्न करते.

कांद्याच्या बाजाराला बंद नवा नाही. लासलगावला वर्षानुवर्षं अमावास्येला लिलाव होत नसत. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, तेव्हा जिल्ह्यातले लिलाव थांबले. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी पुन्हा थांबवले. अशा दिवसांपुढे भाऊसाहेब ठसठशीत शून्य घालतात. आवकीत शून्य, भावातही शून्य.

“अहो भाऊसाहेब, भाव रिकामा सोडा ना.”

“ताई, रिकाम्या घरात भूत शिरतं. बाजार बंद, म्हंजे शून्यच की!”

निम्मं त्यांचं खरं आहे, हीच पंचाईत. बाजार बंद असला तर आवक खरोखरच शून्य. भाव मात्र शून्य नसतो, तो नसतोच. त्या दिवशी कांदा खरंच शून्य रुपयांना मिळाला असता तर महामार्गावर थेट आग्र्यापर्यंत रांग लागली असती. समजा चार दिवस भाव 2000 होता आणि दोन दिवस बाजार बंद. ते दोन सेल रिकामे असतील तर एक्सेल त्यांना सोडून देतं आणि सरासरी 2000 काढतं. भाऊसाहेबांची शून्यं धरली की तीच 1333 होते. बाजारात कुणी एक पैसाही कमी केलेला नसतो. शेतकऱ्याचे 667 रुपये टेबलावरच्या टेबलावर उडतात.

हे त्यांना पटलं. निदान मान तरी हलवली. पुढच्या फाइलीत शून्यं गेली आणि सेल अगदी कोरे दिसू लागले, पण रकाना आकडा म्हणून वाचला जाईना. भाऊसाहेबांनी प्रत्येक कोऱ्या सेलमध्ये एकेकदा स्पेसबार दाबला होता. “अगदीच उघडं बरं दिसत नाही.” त्यानंतर ‘बंद’ लिहिलेले चार दिवस त्यांनी मर्ज करून एक केले, म्हणजे मजकूर पहिल्याच सेलमध्ये राहिला आणि बाकीचे तीन न मागता रिकामे झाले. तारखेच्या रकान्यातल्या शून्याची तर एक्सेलने 0 जानेवारी 1900 करून दाखवली. ही तारीख कालनिर्णयात नाही, पण भाऊसाहेबांना वावगं काहीच वाटलं नाही. रकाना भरलाय ना!

शेवटी मीच शरण गेले. फाइल वाचतानाच पायथनला यादी देता येते, की हे शब्द दिसले तर किंमत उपलब्ध नाही असं समज. खरा कोरा सेल तो न सांगता तसा धरतो. भाऊसाहेबांचे शब्द मात्र सांगावे लागतात. यादीत आज आहे: निरंक, डॅश, एक स्पेस, दोन स्पेस, बंद, अमावस्या, अमावास्या, वरीलप्रमाणे, उद्या कळवतो. शून्य सगळ्या रकान्यांसाठी सरसकट यादीत घालता येत नाही, कारण आवकीतली शून्यं खरी असू शकतात. ती प्रत्येक वेळी फोन करून विचारावी लागतात. गेल्या फाइलीत एक नवी नोंद आली: ‘ताईंना विचारणे’. तीही घातली.

तुमच्या कचेरीतही असे एक भाऊसाहेब असणारच. त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त त्यांची मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवा आणि शंका दुपारीच विचारून घ्या. संध्याकाळी सातनंतर त्यांचा फोन लागत नाही.