सहकुटुंब, सहपरिवार, सऑक्सिमीटर

2 सप्टेंबर 2020 पासून महाराष्ट्रात जिल्हा ओलांडायला लागणारा ई-पास बंद झाला आणि करोनामुळे पाच महिने घरात बसून अंग आंबलेल्या मध्यमवर्गानं कुठंतरी जायचं ठरवलं. फिरायचं मात्र नव्हतं. फिरायला गेलं की माणसं भेटतात, आणि माणूस हाच तर त्या वर्षीचा मुख्य धोका होता. हॉटेलात जेवायचं नाही, बोटीत बसायचं नाही, बाजारात शिरायचं नाही. स्वतःच्या घरात फुकट बसून झालं होतं, आता दुसऱ्याच्या घरात भाडं भरून बसायचं, एवढाच बेत.

हा बेत ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे बदलत होता. मालदीवनं 15 जुलैलाच पर्यटकांना दारं उघडली होती, त्यामुळे नोव्हेंबरात हिंदी सिनेमातले तारे एकामागून एक तिथल्या निळ्या पाण्यात उभे राहून फोटो टाकत होते. एका उद्योगपती कुटुंबानं तर एप्रिलातच, ऐन टाळेबंदीत, गृहखात्यातल्या बड्या अधिकाऱ्याचं पत्र घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वर गाठलं होतं. गाड्या पाच, माणसं 23, कारण 'कौटुंबिक आणीबाणी'. त्यांची रवानगी पाचगणीला विलगीकरणात झाली. थंड हवा मिळाली, बंगला तेवढा हुकला.

भाड्याच्या घरांच्या धंद्यानंही त्या वर्षी कोलांटउडी मारली. एअरबीएनबीनं मे महिन्यात सुमारे 1900 माणसं, म्हणजे चारातला एक कर्मचारी, कमी केला. मग लोक विमानाचा नाद सोडून स्वतःच्या गाडीनं जवळपासच्या गावात अख्खं घर भाड्यानं घेऊ लागले आणि 10 डिसेंबरला तीच कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजारात वाजतगाजत उतरली.

त्याच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोथरूडचं एक नऊ माणसांचं कुटुंब दोन गाड्या भरून दापोली तालुक्यातल्या एका बंगल्याकडे निघालं. आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, नववीतली नात, पाचवीतला नातू आणि 'मी एकटी घरी राहून काय करू' म्हणत आदल्या रात्री बॅग घेऊन दाखल झालेली आत्या.

सामान पाहून समोरच्या बिऱ्हाडाला वाटलं, हे जागा सोडून चालले. पाच लिटरचा सॅनिटायझरचा कॅन, वाफ घ्यायचं यंत्र, काढ्याची बरणीभर पूड, सोसायटीत वाटलेल्या आर्सेनिकम अल्बमच्या गोळ्या, दोन थर्मामीटर, एक ऑक्सिमीटर. शिवाय आजोबांची दोनशे पानी वही. 15 सप्टेंबरला राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली होती आणि आशाताई घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. सरकारची मोहीम ऑक्टोबरात आटोपली. आजोबांची चालूच होती. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात रकाने आखलेली वही आली की तो ती अर्धवट सोडत नाही. सकाळ-संध्याकाळ नऊ माणसांची हजेरी, आकड्यांसमोर सही.

ताम्हिणी घाट लागला तसे आजोबा इतिहासात शिरले. त्यांच्या आजोबांनी प्लेग पाहिला होता. 1897 साली पुण्यात साथ भडकली तेव्हा लोक वाडे सोडून गावाबाहेर, शेतांत, झोपड्या घालून राहिले. पुढची कितीतरी वर्षं खेड्यापाड्यांतही हाच शिरस्ता होता, उंदीर पडला की गाव उठायचं. "कायदासुद्धा तोच आहे," आजोबा म्हणाले, "1897 चा साथरोग कायदा, अवघी चार कलमं. मार्चमध्ये सरकारनं तोच काढला." यावर नातवानं विचारलं, की त्या झोपड्यांत वाय-फाय होतं का? थोरल्यानं गाडीचा वेग वाढवला.

वाटेत हॉटेलात थांबायचं नाही असा ठराव होता, म्हणून घाटात गाडी बाजूला घेऊन डबे उघडले. ताम्हिणीतल्या माकडांपर्यंत सुरक्षित अंतराचा नियम पोचलेला नव्हता. पहिला गुळपोळीचा डबा त्यांनीच नेला. सार्वजनिक स्वच्छतागृहात पाऊल टाकायचं नाही असाही एक ठराव होता. तो मात्र माणगावच्या अलीकडे आत्यानं छत्रीच्या आडोशानं निकालात काढला.

बंगल्याच्या फाटकाशी तात्या उभे होते. तात्या म्हणजे तिथले राखणदार, मालकाचे प्रतिनिधी आणि गावचे आरोग्य अधिकारीही, स्वतःच नेमलेले. पाठीवर आंब्याला फवारणी करायचा पंप. पाहुणे कोकणी माणसापासून जपून राहायचं ठरवून आले होते. कोकणी माणसानंही तेच ठरवलेलं असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. "गणपतीला आमच्या सख्ख्या भावालासुद्धा दहा दिवस बाहेर ठेवला ओ," तात्यांनी सांगितलं, "तुम्ही तर पुण्याचे." ते खरंच होतं. 22 ऑगस्टच्या गणेश चतुर्थीसाठी मुंबईच्या चाकरमान्यांना 12 ऑगस्टच्या आत गावात पोचून दहा दिवस विलगीकरणात काढावे लागले होते. मग तात्यांनी दोन्ही गाड्या, चौदा बॅगा आणि सॅनिटायझरचा कॅनदेखील यथासांग फवारला.

जाहिरातीत बंगला 'सी फेसिंग' होता. समुद्र होता. गच्चीवर पाण्याच्या टाकीला लावलेल्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून तो स्वच्छ दिसायचा. पांढरे पडदे फोटोतल्यासारखेच होते, झोपाळा होता, भिंतीवर शिंपल्यांची चौकट होती. स्वयंपाकघरात मात्र थोरल्या सुनेनं एकेक कपाट उघडलं आणि तिचा चेहरा बदलत गेला. वाइनचे सहा ग्लास. चीज किसायची किसणी. बर्फाचा चिमटा. बाटलीचं बूच काढायची दोन हत्यारं. सुरी अशी, की तिनं लोणी कापताना विचार करावा. पोळपाट-लाटणं नाही. सांडशी नाही. कुकर होता, त्याला शिट्टी नव्हती.

"इथं येणारे लोक खातात काय?" आजीनं विचारलं.

"खात नसावेत," धाकटी म्हणाली.

पहिल्या रात्री पोळ्या वाइनच्या ग्लासानं, ओट्यावर लाटल्या गेल्या. ग्लास आडवा धरला तर दांडी आड येते आणि पोळीला कडेनं गोल खळगे पडतात. पाचव्या पोळीला ग्लास फुटला. दुसऱ्या दिवशी, बाजारात न शिरण्याचा ठराव बाजूला ठेवून, धाकटा दापोलीच्या बाजारात शिरला आणि पोळपाट-लाटणं घेऊन आला. ते आधी उन्हात, मग सॅनिटायझरनं, मग पुन्हा उन्हात ठेवण्यात आलं. संध्याकाळी आजीनं त्यावर पहिली पोळी लाटली तेव्हा बंगला भाड्याचा वाटायचा थांबला आणि सुनांची सुट्टी त्याच मिनिटाला संपली.

नेटवर्कचा शोध दीड दिवस चालला. घरात शून्य, झोपाळ्यावर एक काडी, फाटकापाशी दोन. शेवटी तात्यांनीच कोडं सोडवलं, "विहिरीवर येतं ओ. पण कठड्याच्या वाडीकडच्या बाजूला." तेव्हापासून विहिरीचा कठडा हे थोरल्याच्या हिंजवडीतल्या ऑफिसचं आणि शाळेचं संयुक्त कार्यालय झालं. जून 2020 पासून मुलांची शाळा पडद्यावरच होती. नातवाच्या वर्गात त्या आठवड्यात भूगोल चालू होता. धडा कोकण किनारपट्टीचा. बाई स्लाइडवर नारळ, पोफळी आणि जांभा दगड दाखवत होत्या. नातू जांभ्याच्या कठड्यावर बसून, नारळाच्या सावलीत ते पाहत होता. मागून शहाळं पडल्याचा आवाज आला म्हणून त्यानं मान वळवली तर बाई ओरडल्या, "इकडंतिकडं काय बघतोस? कोकणाकडे लक्ष दे!"

थोरल्याची मीटिंग दुपारी त्याच जागी व्हायची. त्याच्या साहेबांना मागची झाडं दिसली आणि ते म्हणाले, "अहो, हे बॅकग्राउंड काढा, क्लायंट आहे समोर." त्यानं सांगितलं, हे निघत नाही, खरं आहे. तेवढ्यात एक वाळलेली झावळी कडकड करत खाली आली. क्लायंटनं टाळ्या वाजवल्या. साहेब मात्र बराच वेळ गप्प होते.

मंदिरं 16 नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली होती, तेव्हा आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जाणं आजीच्या दृष्टीनं प्रवासात मोडत नव्हतं. हार-नारळ नाही, घंटेला हात नाही, रांगेत पांढरी वर्तुळं. दाराशी एकानं बाटली पुढं केली. आजीनं सवयीनं उजवा हात पुढं करून त्याखाली डावा धरला, तळव्यावर थेंब पडले आणि हात तोंडाकडे निघाला. थोरलीनं तो वाटेत पकडला. "आई, तीर्थ नाही, सॅनिटायझर!" आजीनं मग ते भक्तिभावानं डोक्याला पुसलं.

हर्णैचा मासळी लिलाव मात्र कुटुंबानं गाडीच्या काचा वर करून पाहिला. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर होड्या, बैलगाड्या, वाळूत सुरमई-पापलेटांचे ढीग आणि त्याभोवती माणसाला माणूस चिकटलेला. मास्क सगळ्यांना होते, हनुवटीला. लिलाव पुकारायचा तर तोंड मोकळं लागतंच. गाडीतल्या गाडीत सुरमईवर एकमत झालं, पण उतरून आणणार कोण यावर होईना. शेवटी तात्यांना फोन गेला. ते दहा मिनिटांत त्या गर्दीत घुसून मासे घेऊन आले आणि तेच हात पुसत गाडीत पुढच्या सीटवर बसले. सहा जणांनी श्वास रोखला.

तात्यांकडे पाहून कुणालाही वाटलं असतं, हा माणूस कशाला घाबरत नाही. त्याचं कारण बंगल्यामागच्या आगरात होतं. 3 जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं ते ताशी 110-120 किलोमीटरच्या वाऱ्यानं. बंगल्याचे पत्रे उडाले, ते मालकानं नवे घातले. तात्यांच्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. सरकारनं भरपाई वाढवून हेक्टरी 50 हजार केली, पण या पट्ट्यात कुणाचं आगर हेक्टरात नसतं, गुंठ्यांत असतं. गुंठ्याला 500 रुपये. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. पाहुणे संध्याकाळी ज्यावर बसून चहा पीत होते ते बाक म्हणजे तात्यांच्या पडलेल्या माडाचे ओंडके होते. आजोबांनी हे ऐकलं आणि त्या रात्री वहीत तात्यांचं नाव दहावं लिहिलं. तात्यांचा ऑक्सिजन 99 भरला, सगळ्यांत जास्त.

त्याच रात्री दोन वाजता कुणीतरी खोकलं.

2020 साली रात्री दोनला आलेल्या खोकल्याला शेजारची चार घरं उठायची, इथं तर सगळे एकाच छपराखाली होते. दिवे लागले, मास्क चढले, ऑक्सिमीटर फिरू लागला. 97, 98, 97. आत्याच्या बोटावर येऊन तो 86 वर थांबला. पुन्हा लावला, 85. आत्या पलंगावर आडवी झाली आणि दागिन्यांचं कुणाला काय द्यायचं ते सांगू लागली. नात टॉर्च घेऊन विहिरीकडे धावली, कठड्यावर उभं राहून तिनं माहिती काढली आणि ओरडत परत आली, "आत्याआजी, नेलपॉलिश!" गडद नेलपॉलिशमधून उजेड नीट जात नाही आणि आकडा चुकतो. आत्यानं निघण्याआधी वीसच्या वीस नखं जांभळी रंगवली होती, त्यामुळे पायाचं बोटही कामाचं नव्हतं. मग ऑक्सिमीटर बोटाला आडवा, नखाच्या बाजूनं लावला. 98. दागिने परत घेण्यात आले. खोकल्याचा तपास तरीही लागेना, तेव्हा धाकटीला आजोबांच्या उशीखाली दिवाळीच्या चिवड्याची पिशवी सापडली. त्यांचं स्वतःचं तापमान वहीत रीतसर नोंदलेलं होतं. ठसक्याला रकाना नव्हता.

निघायच्या दिवशी मालकानं फोनवरून यादी वाचून दाखवली. ग्लास एक, फुटला, अनामत रकमेतून वजा. पोळपाट-लाटण्याचे जमा धरा, असा आजोबांनी अर्ज केला. ते यादीत नाही, असं उत्तर आलं. आजीनं दोन्ही वस्तू जुन्या साडीत गुंडाळून गाडीत ठेवल्या.

गाडी मंडणगडला आली आणि रेंज परत येताच थोरल्याच्या फोनवर साहेबांचा निरोप वाजला. शनिवारपासून आम्ही सातजण येतोय तुमच्याच बंगल्यावर, बुकिंग झालंय, मिसेस विचारतायत तिथं पोळपाट आहे का? गाडी चालवता चालवता थोरल्यानं फोन बायकोच्या हातात दिला. तिनं मागं वळून साडीच्या गाठोड्याकडे पाहिलं आणि टाइप केलं, "वाइनचे पाच ग्लास आहेत."