बिअरच्या डब्यावर धर्म!

अहो, करा बघू बेरीज. चार, आठ, पंधरा, सोळा, तेवीस, बेचाळीस. किती झाली? १०८! आणि हेच आकडे जमिनीखालच्या एका जुनाट संगणकात टाकून बटण दाबायचं, तेही दर १०८ मिनिटांनी, नाहीतर म्हणे जगबुडी. डेस्मंड नावाचा एक स्कॉटिश गडी तीन वर्षं तिथे हेच करत बसलेला. आपल्याकडची आजी माळ ओढताना निदान मध्येच सुनेवर ओरडते तरी. या बिचाऱ्याला तेवढीही करमणूक नाही.

'लॉस्ट' या मालिकेची गोष्ट चाललीय. २२ सप्टेंबर २००४ ला अमेरिकेत एबीसीवर सुरू झाली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका चमत्कारिक बेटावर कोसळतं, एवढंच निमित्त. त्यानंतर सहा वर्षं चाहत्यांनी बायबलची जी पारायणं केली, ती पाहून एखादा धर्मगुरू ओशाळला असता. आणि निर्माते काय कमी? खडे टाकायला तेच पुढे! नायक जॅक शेफर्ड, म्हणजे मेंढपाळ. बापाचं नाव ख्रिश्चन. ख्रिश्चन शेफर्ड! अगदी शेवटच्या भागात त्याच्या सोबतच्या केटलाही हे नाव ऐकून हसू आवरत नाही. बेटावर जन्मलेल्या बाळाचं नाव अ‍ॅरन, मोशेच्या भावाचं. बेटाचा रखवालदार जेकब, त्याचा जुळा भाऊ जन्माचा वैरी; मग याकोब आणि एसाव आठवणारच ना? कटकारस्थानी बेंजामिनची आई त्याला जन्म देताना गेली. बायबलातल्या बन्यामिनाची आई राहेलसुद्धा तशीच गेली. हा काय योगायोग? छे हो!

आता तेवीसच्या आकड्याचं ऐका. पाद्री एको तेविसाव्या स्तोत्राच्या खुणा काठीवर कोरून फिरतो, एका भागाचं नावच ते. परमेश्वर मेंढपाळ आहे, असं सांगणारं तेच ते स्तोत्र. आणि गुहेच्या भिंतीवर जेकबच्या जागेसाठीच्या उमेदवारांची नावं लिहिली आहेत, त्यात शेफर्डपुढचा आकडा? तेवीस. हे सापडलं त्या रात्री किती जणांची झोप उडाली असेल! तसं पाहिलं तर याच एकोच्या गोष्टीत मेरीमातेच्या पुतळ्यांमध्ये हेरॉइन भरलेलं असतं. शिव शिव शिव.

आपणही फार नाकं मुरडायला नकोत, कारण आपलीही पाळी आहेच. बेटावर सत्तरच्या दशकात तळ ठोकलेल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचं नाव 'धर्मा'. त्यांच्या माहितीपटात 'नमस्ते', आणि त्यांच्या बिअरच्या डब्यावर ठसठशीत 'धर्मा'चा शिक्का! कुणाच्याच भावना कशा दुखावल्या नाहीत, याचं मला आजवर नवल वाटतं.

पण खरी लाज काढली ती लॉकने. अपंग माणूस, बेटावर पडताक्षणी चालायला लागला. चमत्कार! पुढे त्याचा खून झाला, शवपेटी विमानात चढली. विमानाचा क्रमांक ३१६, म्हणजे योहान ३:१६, पाठांतरातलं वचन! बेटावर पोचल्यावर लॉक साक्षात उभा. पुनरुत्थान, पुनरुत्थान! चाहते हर्षाने वेडे. आणि पाचव्या पर्वाच्या शेवटी कळलं, खरा लॉक पेटीतच पडलाय. बाहेर फिरतोय तो जेकबचा वैरी भाऊ, लॉकचं रूप घेऊन. म्हणजे महिनोन्‌महिने ज्याच्यात ख्रिस्त पाहिला, तो निघाला सैतान! एवढ्यावर भागेल तर शपथ. सहाव्या पर्वाच्या जाहिरातीसाठी सगळ्यांना 'शेवटच्या भोजना'सारखं टेबलाशी बसवलं आणि मध्यभागी, येशूच्या जागी, कोण? लॉक! यहूदाच्या जागी कोण, यावर मग जी जुंपली ती विचारू नका.

राहिला सगळ्यात मोठा घोळ. पहिल्या पर्वापासून लोक म्हणत होते, ही माणसं मेलेलीच आहेत आणि बेट म्हणजे पर्गेटरी, कॅथलिकांचं शुद्धिस्थान. निर्माते डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज वर्षानुवर्षं कानांवर हात ठेवत राहिले. नाही, नाही, त्रिवार नाही. आणि २३ मे २०१० ला शेवट कुठे केला? चर्चमध्ये! शेवटच्या पर्वातली समांतर दुनिया मरणोत्तर वाटेवरचा मुक्काम निघाली. खिडकीच्या रंगीत काचेत क्रूस, चंद्रकोर, दावीदाचा तारा, यिन-यांग, धर्मचक्र आणि चक्क आपला ॐ. कुणीही रुसू नये अशी सोय. म्हणूनच बहुधा सगळे रुसले. तिकडे जॅक कुशीत जखम घेऊन मेलेला, ते ओळखायला तर कुणाला बायबलही लागलं नाही.

बेट मात्र खरं होतं, हे त्याच चर्चमध्ये जॅकच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं. पण ऐकतो कोण? श्रेयनामावलीबरोबर रिकाम्या किनाऱ्यावरचे विमानाचे अवशेष दिसले, माणूस एकही नाही, आणि लोकांनी निकाल लावला: बघा, सगळे पहिल्याच दिवशी मेले होते! वाहिनीने खुलासा केला की ती दृश्यं आम्ही मागाहून जोडली. प्रेक्षकांनी बातम्यांआधी जरा दम खावा म्हणून. कथेशी त्यांचा संबंध नाही.

संबंध नाही म्हणे! बेरजा करकरून बोटं झिजवलेल्या माणसांना हे सांगताय?