पुढचे पान मिळवण्याची शास्त्रोक्त पद्धत

संकेतस्थळावरून माहिती खरवडण्याचे काम घेतलेल्याने प्रथम पत्त्यातल्या 'पेज=१'च्या जागी २ घालून पाहावा. पान बदलले तर घरी लगेच सांगू नये. अशी सोपी स्थळे इतरांना सांगून येतात.

तुमच्या नशिबी बहुधा एएसपी डॉट नेटमधले जुने निविदा-पोर्टल असते. तिथे 'पुढे' दाबले तरी वरचा पत्ता ढिम्म हलत नाही. कारण ती लिंक नसतेच. डूपोस्टबॅक नावाचे फंक्शन अख्खा फॉर्म सर्व्हरकडे धाडते आणि त्यात व्ह्यूस्टेट नावाचे अगम्य अक्षरांचे लांबलचक गाठोडे असते. पानावर १ ते १० एवढेच आकडे दिसत असताना एकदम २७वे मागाल, तर इव्हेंट व्हॅलिडेशन दारातूनच परत पाठवते. रांगेनेच जावे. प्रत्येक पानावरचे ताजे गाठोडे उचलून पुढच्या विनंतीला जोडावे, कुकी जपावी.

खाली सरकेल तसे वाढत जाणारे पान दिसल्यास बोटे झिजवू नयेत. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडावा. बहुतेकदा तिथे जेसॉन आयतेच येत असते.

थांबायचे कधी, हा प्रश्न अधिक कठीण. ५०च पाने असताना ५१वे मागितले, तर काही स्थळे नाही म्हणण्याच्या संकोचापायी ५०वेच पुन्हा वाढतात. स्क्रिप्ट रात्रभर जेवत राहते. म्हणून नोंदींचे क्रमांक ताडावेत. नवा एकही नसेल तर उठावे. एकूण निकाल नेमके १०,००० दिसले तर खूश होऊ नये. स्थळामागे इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र असेल, तर ते मूळ सेटिंगमध्ये त्यापुढे जात नाही. तारखांचे तुकडे पाडून शोधावे.

सर्वांत वाईट म्हणजे तुम्ही तिसऱ्या पानावर असताना कोणी पहिल्या पानावरची नोंद काढून टाकतो. चौथ्याची पहिली नोंद गुपचूप तिसऱ्यावर सरकते आणि तुमच्या हातून कायमची निसटते. नवी नोंद वर आली तर निदान दुबार दिसते. निसटलेली दिसतही नाही. 'या नोंदीपासून पुढे' सांगणारा कर्सर मिळत असेल तर तोच धरावा, नाहीतर सगळी फेरी पुन्हा मारून पडताळावे.

उत्तरात ४२९ हा कोड आला म्हणजे विनंत्या फार झाल्या, सर्व्हर वैतागला. रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये सांगितले असतील तेवढे सेकंद थांबावे. त्या वेळात पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'एक्सेलमध्ये डाउनलोड करा' असे बटण आहे का, ते पाहावे. असल्यास आरडाओरडा करू नये. मेहनताना तासांवर ठरला असेल, तर दाबूही नये.